दोंब्रोव्स्की: नक्की कुठल्या दोंब्रोवाचे?

ओसरी
वळिवड्याच्या (कोल्हापूरजवळच्या दुसऱ्या महायुद्धातल्या पोलिश निर्वासित छावणीच्या) धाग्यावर ‘दोंब्रोव्स्की म्हणजे पोलंडमधलं सरदार घराणं, त्यांचं ठरलेलं कुलचिन्ह आहे’ असं कोणीतरी ठोकून दिलं आणि पुढचे वीस प्रतिसाद ढाल-तलवारीवरच गेले. तिथे अवांतर नको म्हणून हा वेगळा धागा.

आधी अर्थ. पोलिशमध्ये ‘दोंब’ म्हणजे ओक वृक्ष आणि ‘दोंब्रोवा’ म्हणजे ओकांचं रान. अशा रानाशेजारी वसलेल्या गावालाही दोंब्रोवाच म्हणत, लहान असेल तर दोंब्रुव्का. या नावाची गावं पोलंडभर शेकड्यांनी आहेत. ‘स्की’ हा विशेषण करणारा प्रत्यय, म्हणून दोंब्रोव्स्की म्हणजे दोंब्रोवाचा. आपल्या ‘कर’सारखंच.

आता ‘पिंपळगावकर’ एवढ्यावरून कोणी मूळ गाव सांगू शकेल का? बसवंत की हरेश्वर, हे विचारावंच लागतं. तिकडेही तसंच: दोंब्रोवा गुर्निचा खाणपट्ट्यात, दोंब्रोवा तार्नोव्स्का दक्षिणेला, दोंब्रोवा ब्याओस्तोत्स्का ईशान्येला. ही झाली नुसती शहरं, खेडी वेगळीच. आज हे आडनाव पोलंडमधल्या सर्वाधिक आढळणाऱ्या पहिल्या पंधरांत आहे. इतकी माणसं एका घराण्याची असणं शक्य नाही.

जाणकारांनी भर घालावी. कुलचिन्हाचं आणि कागदपत्रांचं विशेष करून.

मोडीवाचक
चांगला धागा. ‘कर’ची तुलना बरोबर आहे, पण अर्धी. ‘स्की’ची सुरुवात जमीनदारांकडून झाली. जुन्या लॅटिन दस्तांत ‘अमुक दे दोंब्रोवा’ असं लिहीत, म्हणजे दोंब्रोवा गाव ज्याच्या ताब्यात आहे तो. पंधराव्या-सोळाव्या शतकांत त्याचं दोंब्रोव्स्की हे कायमचं आडनाव होत गेलं. इथवर नाव आणि जमीन एकत्र होती.

पुढे ‘स्की’ला वजन आलं आणि ते बाकीच्यांनीही लावायला सुरुवात केली. गाव सोडून दुसरीकडे गेलेल्या शेतकऱ्याला नव्या गावात दोंब्रोव्स्की म्हणत. ज्याचं नाव आधी दोंब किंवा दोंबेक होतं त्याचंही एक-दोन पिढ्यांत दोंब्रोव्स्की झालेलं दिसतं. नोंदीत ‘दोंब्रोव्स्की व्हेल दोंबेक’ असं आढळलं तर ‘व्हेल’ म्हणजे ‘ऊर्फ’. हा शब्द सोन्यासारखा जपा, कारण त्याच्यामागे शोध जुन्या नावाने करायचा असतो. शेतकऱ्यांची आडनावं एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत डळमळीतच होती. बाप एका नावाने, सख्खे भाऊ दोन नावांनी, असंही सापडतं.

शिरपेच
कुलचिन्हाबद्दल. पोलिश पद्धत इंग्लंडसारखी नाही. तिकडे चिन्हालाच स्वतःचं नाव असतं (यास्त्शेंब्येत्स, राद्वान, पोराय वगैरे) आणि एकेक चिन्ह एकमेकांशी रक्ताचं नातं नसलेली कितीतरी घराणी वापरतात. उलट बाजूने पाहिलं तर दोंब्रोव्स्की नावाची घराणी वेगवेगळ्या चिन्हांची आहेत. त्यामुळे ‘दोंब्रोव्स्कींचं कुलचिन्ह’ असं काही एकच नसतं. आडनाव टाकलं की चिन्ह छापून देणारी दुकानं तिकडेही आहेत, त्यांचा माल भिंतीवर लावायला ठीक.

‘श्लाख्ता’ म्हणजे उमराव वर्ग लोकसंख्येच्या आठ-दहा टक्के होता. युरोपच्या मानाने हे फार मोठं प्रमाण. त्यातले पुष्कळसे नावाचे उमराव होते, स्वतःच नांगर धरणारे. पोडलासी भागात वीसोक्ये माझोव्येत्स्क्येच्या आसपासचा नकाशा उघडून बघा: दोंब्रोवा-वील्की, दोंब्रोवा-गोगोले, दोंब्रोवा-कास्की, दोंब्रोवा-झावादी, दोंब्रोवा-मोचीद्वी. एकाच जुन्या दोंब्रोवाचे तुकडे होत गेलेल्या या वाड्या आहेत. अशा पट्ट्यात एका पॅरिशमध्ये (म्हणजे एका चर्चच्या हद्दीत) एकाच वर्षी तीन-तीन यान दोंब्रोव्स्की भेटतात. तिथे आडनावाचा उपयोग शून्य. वाडीचं नाव आणि आईचं माहेर यांवरूनच माणूस ओळखायचा.

खरंच उमराव होते का, हे तपासायचं असेल तर १८०८च्या आधीच्या लॅटिन चर्चनोंदींत नावाआधीचा शब्द बघा. ‘लाबोरिओसुस’ म्हणजे कष्टकरी शेतकरी, ‘होनेस्तुस’ आणि ‘फामातुस’ म्हणजे शहरातले नागरिक, ‘नोबिलिस’ म्हणजे छोटा उमराव, ‘गेनेरोसुस’ त्याच्या वरचा, ‘माग्निफिकुस’ बडा. पाद्री हे शब्द तोलूनमापून लिहीत. तरी एकाच नोंदीवर विसंबू नका. लग्नात ‘नोबिलिस’ आणि मुलाच्या बाप्तिस्म्यात ‘होनेस्तुस’ असंही होतं, कारण पाद्री बदललेला असतो. रशियन अमलात १८३६पासून उमरावपणा कागदोपत्री सिद्ध करावा लागे. ज्यांना ते जमलं नाही ते पुढच्या नोंदींत साधे शेतकरी झाले.

ओसरी
@शिरपेच, हे भारीच. त्या वाड्यांची नावं बघून नकाशा उघडला, खरंच सगळ्या एकमेकींना चिकटून आहेत.

एक शंका. डॉम्ब्रोव्स्की, डाब्रोव्स्की, डुब्रोव्स्की, देंबोव्स्की ही सगळी एकच का?

मोडीवाचक
नाही. पण घोळ कुठून सुरू होतो ते सांगतो.

पोलिशमध्ये या नावातलं दुसरं अक्षर म्हणजे खाली शेपूट असलेला रोमन ‘ए’. त्या शेपटीला ‘ओगोनेक’ म्हणतात, अर्थ शेपटीच. दिसायला ‘ए’, पण उच्चार अनुनासिक ‘ओ’, आणि पुढे ‘ब’ आला की सरळ ‘ओम्’. म्हणून दोंब्रोव्स्की. (कानाला खरं तर ‘दोंब्रोफ्स्की’ ऐकू येतं, पण इथे अक्षराप्रमाणे लिहितोय.) आता हेच नाव वेगवेगळ्या कारकुनांकडे गेलं की:

जर्मन कारकून ऐकेल तसं लिहितो, म्हणून ‘ओ-एम’ घालून डोम्ब्रोव्स्की. रशियनही तसंच, रशियन लिपीत. पुढे ते रशियनमधून पुन्हा रोमनमध्ये आलं की शेपूट गेलेली ती गेलेलीच. इंग्रज किंवा अमेरिकन कारकून दिसेल तसं लिहितो आणि शेपूट टाकून देतो, म्हणून डाब्रोव्स्की. लिथुआनियात दाम्ब्राउस्कास, त्यातही विवाहित स्त्री दाम्ब्राउस्क्येने आणि अविवाहित दाम्ब्राउस्काइते. लॅटव्हियात दोम्ब्रोव्स्किस. २००९ ते २०१४ या काळात तिथले पंतप्रधान याच आडनावाचे होते.

डुब्रोव्स्की हे पूर्वेकडचं, बेलारूस-युक्रेन बाजूचं रूप. तिथे ओकाला ‘दुब’ म्हणतात. सरहद्दीवरच्या पॅरिशमध्ये एकच घर दोन्ही नावांनी सापडू शकतं, म्हणून दोन्ही तपासा. देंबोव्स्की मात्र वेगळं आडनाव, ते ‘देंबे’ वगैरे गावांवरून आलेलं. ओक तोच, गाव वेगळं.

एकाच माणसाची दोन रूपं बघायची असतील तर पॅरिस कम्यूनचा (१८७१मधल्या पॅरिसच्या क्रांतिकारी सरकारचा) सेनानी यारोस्वाव दोंब्रोव्स्की घ्या. जन्म १८३६, झितोमिर. मृत्यू मे १८७१, पॅरिस. फ्रेंच कागदांत तो सगळीकडे ‘ओ-एम’वाला आहे आणि पोलिशमध्ये शेपटीवाला. पोलंडच्या राष्ट्रगीतात ज्याचं नाव येतं तो सेनापती यान हेन्रिक दोंब्रोव्स्की (१७५५–१८१८) वेगळा. या दोघांना काका-पुतणे करणारे लेख जालावर आहेत, आडनावापलीकडे आधार काही दिसत नाही.

जाता जाता, छापील पोलिश सूचीत शेपटीवाला ‘ए’ हे स्वतंत्र अक्षर धरतात, साध्या ‘ए’च्या नंतरचं. त्यामुळे दोंब्रोव्स्की हे ‘दानिएल’, ‘दाविद’ यांच्या आधी नाही तर नंतर येतं. दोन पानं अलीकडे शोधून ‘नाव नाही’ म्हणणारे खूप.

सांजवात
बायकांच्या नावाबद्दल कोणीच बोललं नाही, आणि नवखे सगळ्यात जास्त तिथेच अडकतात.

पुरुष दोंब्रोव्स्की, बाई दोंब्रोव्स्का, दोघं मिळून दोंब्रोव्स्त्सी. शिवाय विभक्ती लागते. ‘यान दोंब्रोव्स्कीचा मुलगा’ म्हणताना दोंब्रोव्स्क्येगो, ‘दोंब्रोव्स्काची मुलगी’ म्हणताना दोंब्रोव्स्क्येय. ही वेगळी आडनावं नव्हेत.

लग्नाच्या किंवा जन्माच्या नोंदीत आईच्या नावापुढे ‘झ कोवाल्स्किख’ असं येतं. हे षष्ठीचं अनेकवचन, शब्दशः ‘कोवाल्स्क्यांच्यातली’. आपण ‘ती कुलकर्ण्यांची’ म्हणतो ना, अगदी तेच. म्हणजे माहेर कोवाल्स्की. पुष्कळ लोक ‘कोवाल्स्किख’ असंच आडनाव समजून वंशावळीत टाकतात आणि मग ते कुठेच सापडत नाही. आधुनिक कागदांत याच जागी ‘झ दोमू’ लिहितात, म्हणजे ‘घरातली’.

थडग्यावर काय बघायचं तेही लिहिते, कारण कोल्हापुरात पोलिश थडगी आहेत. पोलिश दगडावर नावाआधी बहुधा ‘एस-पी’ ही दोन अक्षरं असतात, एसवर तिरकी रेघ. अर्थ ‘पवित्र स्मृतीतले’, म्हणजे आपलं ‘कै.’. ‘यू-आर’ म्हणजे जन्म, ‘झेड-एम’ म्हणजे मृत्यू. ‘झेड-डी’ दिसलं तर पुढचा शब्द माहेरचं नाव.

जुनीवही
मी नोंदी शोधण्याचा भाग घेतो. आडनावाने सुरुवात करूच नका. माणूस, अंदाजे वर्ष आणि गाव, या तिन्हींतल्या दोन गोष्टी हातात असतील तरच पुढे.

पहिला प्रश्न: गाव कोणाच्या राज्यात होतं? १७७२, १७९३ आणि १७९५ या तीन फाळण्यांनंतर पोलंड प्रशिया, ऑस्ट्रिया आणि रशिया यांच्यात वाटला गेला. नोंदीची भाषा, कागदाचा नमुना, आज तो कुठे ठेवलाय, सगळं यावर ठरतं.

रशियन भाग (वॉर्साभोवतालचा): १८०८पासून नेपोलियनच्या कायद्याप्रमाणे पोलिश भाषेत लांबलचक परिच्छेद. १८०८ ते १८२५ या काळात कॅथलिक पाद्रीच सर्वांचा निबंधक, त्यामुळे त्याच वह्यांत ज्यू कुटुंबंही सापडतात. १८२६पासून धर्मवार वह्या. १८६८पासून भाषा रशियन. घाबरू नका, रशियन मजकुरातही नावापुढे कंसात पोलिश स्पेलिंग पुष्कळदा दिलेलं असतं. पानभर रशियन वाचण्याऐवजी आधी तो कंस शोधा.

ऑस्ट्रियन भाग (गॅलिसिया): लॅटिन मथळ्यांचे रकाने. इथला सोन्याचा रकाना घर क्रमांकाचा. दोन दोंब्रोव्स्की कुटुंबं वेगळी करायची तर घर क्रमांक लावून यादी करा, तासाभरात चित्र स्पष्ट होतं. मात्र क्रमांक मधेच बदलले गेलेत, तेव्हा एकाच घराला दोन क्रमांक मिळाले तर दचकू नका.

प्रशियन भाग: चर्चच्या वह्या लॅटिन किंवा जर्मन, आणि १ ऑक्टोबर १८७४पासून सरकारी नोंदणी जर्मनमध्ये. इथे ‘ओ-एम’वालं रूपही शोधा.

तारखांचा खड्डा: १८६८नंतरच्या रशियन नोंदीत दोन तारखा असतात, उदा. ५/१७ मार्च १८८९. पहिली जुन्या रशियन पंचांगाची, दुसरी आपली. फरक १२ दिवसांचा, मार्च १९००पासून १३ दिवसांचा. वंशावळीत दुसरी घ्या. शिवाय वर्षाअखेरची सूची नोंद झालेल्या दिवसावर असते, जन्मदिवसावर नाही. डिसेंबरात जन्मलेलं मूल पुढच्या वर्षाच्या सूचीत शोधा.

वयावर विश्वास ठेवू नका. लग्नाला येणारे साक्षीदार ‘चाळीस’, ‘पन्नास’ असे गोल आकडे सांगतात. मृत्यूच्या नोंदीत तर दहा वर्षांची चूक नेहमीची. पन्नाशीच्या बाईचे आईबाप लिहिलेले नसले तरी तिच्या लग्नाच्या नोंदीत ते असतात, म्हणून मृत्यूवरून सरळ जन्माकडे उडी न मारता आधी लग्न गाठा.

मोफत साधनं: गेनेतेका ही पोलिश वंशावळ संस्थेची सूची. आधी प्रांत निवडायचा, मग आडनाव. आडनाव एकट्याने टाकलंत तर हजारो ओळी येतील. दुसऱ्या चौकटीत पत्नीचं माहेर टाकून जोडी म्हणून शोधा, हजारांचे पाच-दहा होतात. सरकारी अभिलेखागारांचं ‘शुकाय व आर्खिवाख’ (अर्थ: अभिलेखागारांत शोधा) हे पानांच्या प्रतिमांसाठी. पोझनान भागातल्या एकोणिसाव्या शतकातल्या लग्नांसाठी पोझनान प्रोजेक्ट. गेनेतेकात नाही म्हणजे नोंदच नाही असं मुळीच नाही. त्या पॅरिशची ती वर्षं कोणी सूचीत घातलेली नसतील, एवढंच. कोणती वर्षं झाली आहेत ते पॅरिशच्या नावापुढे दिसतं, ते आधी बघा.

गाव कुठल्या पॅरिशचं हे कळत नसेल तर १८८० ते १९०२ या काळात छापलेला पोलिश भौगोलिक कोश जालावर फुकट आहे. त्यात जिल्हा, गमिना (काही गावांचा मिळून सर्वांत लहान प्रशासकीय विभाग) आणि पॅरिश दिलेले असतात. ‘दोंब्रोवा’ या शब्दाखाली नोंदींची रांग लागते, तेव्हा शेजारच्या गावाचं नाव माहीत असलं तर काम पटकन होतं.

शिरपेच
+१. घर क्रमांकाची यादी हा सल्ला तर चिकटवूनच ठेवावा.

ज्यूंचा उल्लेख झालाच आहे तर थोडं पुढे. सगळे दोंब्रोव्स्की कॅथलिक नव्हेत. ज्यू कुटुंबांना कायमची आडनावं सरकारने लावायला लावली: ऑस्ट्रियन भागात १७८७च्या हुकमाने, प्रशियन भागात १७९७मध्ये, रशियन अमलाखालच्या पोलिश राज्यात १८२१मध्ये. त्यात गावाच्या नावाला ‘स्की’ लावून घेणारे पुष्कळ. म्हणजे एकाच गावात पाद्र्याच्या वहीतला दोंब्रोव्स्की आणि ज्यू वहीतला दोंब्रोव्स्की यांचा संबंध फक्त त्या ओकांच्या रानापुरता. शिवाय माझुरी भागात प्रोटेस्टंट डोम्ब्रोव्स्की आहेत, त्यांच्या वह्या वेगळ्या चर्चच्या.

परदेशी_पाखरू
अमेरिकेतल्या कागदांबद्दल एक. ‘एलिस बेटावरच्या (न्यूयॉर्कजवळच्या, स्थलांतरितांची तपासणी होई त्या) कारकुनाने आडनाव बदललं’ ही दंतकथा. बोटीची यादी निघण्याच्या बंदरातच तयार व्हायची, बेटावरचा अधिकारी ती फक्त ताडून बघायचा. नाव बदललं ते नंतर, शाळेत, कारखान्याच्या हजेरीपटावर किंवा नागरिकत्वाच्या अर्जात. म्हणून नाव बदलण्याआधीचं रूप हवं असेल तर बोटीची यादी जास्त विश्वासाची. १९१८पर्यंत ‘जन्मदेश’ या रकान्यात रशिया, ऑस्ट्रिया किंवा जर्मनी असेल. तो देश कळला की वरचा ‘कोणाच्या राज्यात’ हा प्रश्न आपोआप सुटला.

ओसरी
उत्तम. आता मूळ मुद्द्यावर: वळिवड्याच्या याद्यांत दोंब्रोव्स्का दिसली तर तिचं दोंब्रोवा कुठलं मानायचं?

सांजवात
लगेच काहीच मानू नये. वळिवड्याची छावणी १९४३ ते १९४८, साधारण पाच हजार पोलिश माणसं, त्यात बायका-मुलंच जास्त. म्हणून यादीत ‘स्का’ची गर्दी. इंग्रजी टंकलेखनात शेपूट नाही, त्यामुळे आई डाब्रोव्स्का आणि मुलगा डाब्रोव्स्की अशा ओळी असतात. त्यांना दोन कुटुंबं समजू नका. ‘नोवाक’सारख्या नावांत बाईमाणूसही नोवाकच, तिथे हा प्रश्न येत नाही.

ही कुटुंबं १९४०-४१मध्ये पोलंडच्या पूर्व भागातून सोव्हिएत सत्तेने हाकललेली. सायबेरिया-कझाकस्तान, मग इराण, मग कराचीमार्गे इकडे. पण पूर्वेकडून आली म्हणजे मूळची पूर्वेकडची, असं नाही. डिसेंबर १९२०च्या कायद्याने पोलिश सैनिकांना पूर्वेकडे जमिनी दिल्या होत्या, त्यांना ‘ओसाद्निक’ म्हणत. त्यात मध्य पोलंडमधून गेलेले खूप. तेव्हा मुलांचा जन्म व्होलिनमध्ये (तेव्हाच्या पोलंडचा पूर्वेकडचा प्रांत), पण आजोबांची नोंद वॉर्साजवळच्या एखाद्या पॅरिशमध्ये. यादीत वडलांचा व्यवसाय ‘ओसाद्निक’ दिसला, की आजोबांसाठी फक्त व्होलिनमध्येच शोधत बसू नका.

जुनीवही
सांजवातताईंनी अगदी नेमकं सांगितलं. मी त्यात एवढंच जोडतो: हद्दपार केलेल्यांसाठी ‘इंदेक्स रेप्रेसोव्हानिख’ ही सूची आहे. तिच्यात वडलांचं नाव आणि जन्मवर्ष दिलेलं असतं, त्यामुळे समान नावाच्या दोन दोंब्रोव्स्का वेगळ्या काढता येतात. आणि पूर्वेकडच्या ज्या चर्चवह्या पोलंडला परत आल्या त्यांतला मोठा भाग वॉर्सातल्या ‘आगाद’ या अभिलेखागारात आहे. बाकीच्या ल्विव वगैरे ठिकाणी.

१०० वर्षांच्या आतले जन्म आणि ८० वर्षांच्या आतली लग्नं व मृत्यू हे अभिलेखागारात नसून गावच्या ‘उझोंद स्तानू त्सिविल्नेगो’ या नोंदणी कार्यालयात असतात. उतारा मागू शकतात ती स्वतः व्यक्ती, जोडीदार, भावंडं, पूर्वज आणि वंशज. इतरांना कायदेशीर हितसंबंध दाखवावा लागतो. संक्षिप्त उताऱ्याला २२ झ्वोती (पोलिश चलन), संपूर्ण उताऱ्याला ३३. संपूर्णच मागवा. समासातल्या टिपा, म्हणजे पुढे झालेलं लग्न, नावात केलेला बदल, या फक्त त्यात येतात, आणि ‘ओ-एम’चं शेपटीवाल्या ‘ए’मध्ये रूपांतर कधी झालं ते बऱ्याचदा तिथेच लिहिलेलं असतं.

ओसरी
वळिवड्याच्या धाग्यावर इथला दुवा देतोय. कुलचिन्हवाल्यांनी शिरपेच यांचा प्रतिसाद आधी वाचावा. कोणाकडे एखादी नोंद असेल तर गाव आणि वर्षासकट इथेच टाका, बघू वाचता येते का.